यॉन्डरला साक्षीदार लागतो

तार आली ती ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा’ अशी. आमच्याकडे माणूस गेला असं तारेत कुणी लिहीत नाही. वाटेत कुणी हाय खाऊ नये म्हणून गेलेल्याला गंभीर करून ठेवतात. हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी नागपूरहून गोंदियापर्यंत गाडीत मी भाऊंना काय काय बोलायचं याची उजळणी करत बसले होते. स्टेशनबाहेर आमच्या मुर्री गावाचं नाव काढताच रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. “गुरुजी कैसे हैं?” मी विचारलं. “ठीक हैं बाई, ठीक हैं... बैठो आप,” एवढं म्हणून तो पायडल मारायला लागला. मुर्रीच्या वाटेवर शेजारची बाई भेटली, तीही “बरे हायेत, चाला लवकर” म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. दोन माणसांनी बरे आहेत म्हटलं आणि मी काय ते समजले. घरासमोर माणसं खाली मान घालून उभी होती. भाऊ आदल्या संध्याकाळी घरामागच्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, बुडून गेले होते. आज काही आठवडे झाले. दुःख आहेच, पण त्याहून राग मोठा आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

नरहरीभाऊ माझे थोरले भाऊ. गोंदियातल्या एका हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी रेल्वेतले गोरे साहेब सामान विकून मायदेशी निघाले, तेव्हा अर्ध्या गावानं त्यांच्या खुर्च्या, आरसे, चिनी मातीची भांडी स्वस्तात उचलली. भाऊंनी उचलला पुठ्ठा गळून पडलेला एक जाडजूड इंग्रजी कोश. “लोकं पलंग आनून राहिले अन् तुमी हे वीट कायले आनली?” असं वहिनींनी विचारलं होतं. भाऊ हसले आणि वीट उशाशी घेऊन झोपले. त्या कोशात ते एका शब्दापाशी अडकले ते कायमचे. यॉन्डर. अंतर सांगणारा जुनापुराणा शब्द. लांब म्हणायला इंग्रजीत दुसरे शब्द आहेत, पण ते नुसतं लांब म्हणतात. कुठं, दिसतं की नाही, याचा पत्ता लागू देत नाहीत. यॉन्डर म्हणजे लांब खरं, पण नजरेच्या टप्प्यात. मुळात म्हणे तो नुसत्या ‘पलीकडे’ अशा अर्थाच्या शब्दातून निघाला, नजर त्यात मागाहून आली. जुन्या इंग्रजीत इथं, तिथं आणि त्याच्याही पुढं यॉन्डर, अशा तीन पायऱ्या होत्या. पुढे शहरातल्या लोकांनी तिसरी पायरी काढून टाकली, ती उरली खेड्यांत आणि जुन्या कवितांत. साहेबाच्या मुलखातही शिकलेल्यांनी टाकलेला शब्द खेडुतांनी सांभाळला याचा भाऊंना कोण आनंद! “आपला झाडीपट्टीतला मानूस ‘थोऽऽ पाय’, तो पाहा, म्हनते ना, हनुवटी उचलून, तोच हा,” ते मला सांगत. आणि मग आवाज खाली आणून, “शांते, हा शब्द एकट्याले म्हनताच येत नाही. एकानं दाखवाचं, दुसऱ्यानं दिसलं म्हनाचं. साक्षीदार नसन तं यॉन्डर खोटा.”

पावसाळा सरून हवा स्वच्छ झाली की ते वर्गाला शाळेमागच्या मैदानात नेत. सिग्नल, देवळाचा झेंडा, शेताच्या टोकाचं मोहाचं झाड, एकेकाकडे बोट दाखवत आणि विचारत, दिसते का? मुलं एका सुरात म्हणत, “हो गुरुजी!” एकदा दिवाळीच्या सुट्टीआधीच मी माहेरी आले होते. भाऊंचा डबा घरी राहिला म्हणून शाळेत गेले, तर मैदानात हाच धडा चालला होता. भाऊंनी काठी उचलून शेताच्या टोकाकडे धरली. मी तिकडे पाहिलं. मोहाचं झाड नव्हतं. उन्हाळ्यातच तोडलेलं, बुंधासुद्धा खणून नेलेला. “दिसते का?” भाऊंनी विचारलं. सगळ्या वर्गानं न अडखळता सांगितलं, “हो गुरुजी!” भाऊ समाधानानं हसत होते आणि त्यांच्यापुढे उघडं शेत होतं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. त्याच संध्याकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं, “भाऊ, ते झाड तोडलंय.” त्यांनी कपबशी खाली ठेवली. “पोरं हो म्हनली.” “पोरांनी तुम्हाला कधी नाही म्हटलंय का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला पुन्हा मैदानात उभं केलं आणि सांगितलं, त्या झाडाचं एक पान घेऊन या. कुणी जागचं हललं नाही. शेवटी मागच्या रांगेतला सुखदेव, आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा, चाचरत म्हणाला, “झाड नाही गुरुजी.” “मंग काल हो काऊन म्हनलास?” “तुमी म्हनलं म्हनून जी...” हे सगळं भाऊंनीच मला रात्रीच्या जेवणावर सांगितलं. ते चिडले नव्हते. भात चिवडत बसले होते, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

खरी गोष्ट अशी, की भाऊंना दूरचं अंधुक दिसायला लागून बराच काळ झाला होता. कुणा जाणत्यानं सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की काढतात. त्या भरवशावर भाऊ वाट बघत राहिले आणि भोवतीची माणसं हो हो म्हणत राहिली. कोश डोळ्यांपाशी धरला की अक्षरं दिसत, त्यामुळे त्यांनाही वाटलं की फार काही बिघडलेलं नाही. मी त्यांना ओढून नागपूरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे. यात पिकायचं आणि काढायचं काही नसतं, गेलेलं परत येत नाही. परतीच्या गाडीत भाऊ खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

नोकरी सुटली. मग त्यांनी गावात एकच सांगणं लावलं, “मले हो म्हनू नका. पाहा, मंग सांगा.” लोक यावरही “हो गुरुजी” म्हणत. वहिनी घरातली वस्तू जागची हलू देत नसत. संध्याकाळी मात्र ते कुणाचं ऐकत नसत. काठी घेऊन बोडीच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, फिरायला जात. ती पार त्यांना लहानपणापासून पायाखालची. वहिनी दारात उभ्या राहून त्यांच्या काठीचा आवाज ऐकत. मी दर वेळी म्हणे, हे एक दिवस महागात पडेल. वहिनी म्हणत, “बाई, असं वंगाळ बोलू नका.” मी नागपुरात असले तरी दिवेलागणीला माझा जीव थाऱ्यावर नसे.

यंदा पावसानं लवकरच ओढ दिली. धान निसवायच्या वेळी बांधी, म्हणजे भाताची खाचरं, कोरड्या पडल्या, तेव्हा सुखदेवानं बोडीची पार फोडून पाणी आपल्या बांधीत घेतलं. आता तो बायकोमुलांचा धनी. बांधी भरली की बुजवायचं, असा त्याचा विचार. तो पाठमोरा फावडं चालवत होता, पाणी खळखळत होतं. भाऊंनी पाण्याचा वेगळा आवाज ऐकला असावा, कारण ते थांबले आणि त्यांनी हाक मारली, “सुखदेवा, पार साबूत हाय ना रे?” सुखदेव वाकलेलाच होता. तोंडातून आपोआप निघालं, “हो गुरुजी.” साक्षीदार मिळाला म्हणून भाऊंनी पाऊल टाकलं, ते फोडलेल्या जागी पडलं आणि ते पाण्यात गेले. सुखदेवानंच उडी घालून त्यांना बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. हे त्यानं स्वतः सगळ्या गावाला सांगितलं.

तेरावं झाल्यावर मी भाऊंच्या खोलीत बसले होते. कोट खुंटीला होता, कोश उशाशी होता. सुखदेव उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला. तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. “बाई, एक पुसू? माही चूक होती का?” माझ्याआधी वहिनी म्हणाल्या, “नाही रे बापा, त्यायची वेळच आली होती.” असंच गाव त्याला सांगत होतं. माझ्याही जिभेवर ‘नाही’ आलं होतं. ते म्हणणं किती सोपं होतं... समोर दोन लेकरांचा बाप उभा होता.

“हो,” मी म्हणाले. “तुझी चूक होती, सुखदेव. मान वर करून पाहायला हवं होतंस.”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. सुखदेव मटकन उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला रडू दिलं, मीही रडले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “सारा गाव नाही नाही म्हनून राहिला होता बाई. मले झोप नोहती येत.” मग त्यानं वहिनींकडे पाणी मागितलं. भाऊंना बोडीतून काढलं त्या दिवसापासून त्यानं आमच्या घरच्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं. वहिनी उठल्या आणि त्यांनी त्याला तांब्या भरून दिला.