गडग्यापलीकडची नावं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर खाली कुणी लिहायला नको की "तुम्ही काय, विश्वास ठेवणारच!" मी पाळक आहे, म्हणजे चर्चचा पास्टर. रत्नागिरीत आमची लहानशी मंडळी आहे आणि पंधरा वर्षं मी तिथेच आहे. आणि नेमका म्हणूनच माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. झपाटलंय, करणी केलीय, बाहेरचं आहे असं म्हणत माणसं माझ्याकडे येतात आणि मी दर वेळी त्यांना आधी डॉक्टरकडे धाडतो... वर दोन शब्द सुनावतो ते वेगळंच. देवावर श्रद्धा असणं निराळं आणि कानात आवाज येणं निराळं, हे मी उपदेशातून ठणकावून सांगत आलोय. जरा तापट आहे मी. शोभना, म्हणजे माझी बायको, म्हणते की जरा नव्हे.

आमच्या कामात सगळ्यात स्वस्त झालेलं वाक्य कुठलं, तर "प्रार्थना करतो हं." रविवारी उपासना संपली की मी दारात उभा राहतो आणि हात मिळवता मिळवता प्रत्येक जण काहीतरी कानावर घालून जातो. कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी, कुणाची सोयरीक. विसरू नये म्हणून खिशात एक छोटी वही असते. त्या माणसासमोरच ती काढायची आणि लिहायचं. 'सायमन – डावा पाय.' 'रेबेका – दहावी.' 'लीलाबाई – सून.' बस्स, एवढंच. मग रोज दुपारी तीन वाजता वही उघडून एकेक नाव घ्यायचं. हा नेम मी आजारपणातसुद्धा चुकवला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी विमलबाई साळवी दाराशी थांबल्या. त्यांच्या मिस्टरांचं, दिनकररावांचं, गुरुवारी मुंबईला हार्टचं ऑपरेशन होतं. मी तेव्हा साउंडवाल्यावर खेकसत होतो, कारण अख्खी उपासनाभर माइक शिट्ट्या मारत होता. नुसती मान वळवून म्हटलं, "नक्की, नक्की, प्रार्थना करतो हं." आणि परत माइककडे वळलो. वही खिशातच राहिली.

गुरुवार आला आणि गेला. मला दिनकरराव आठवले नाहीत. एकदाही नाही. शुक्रवारी सकाळी फोन आला की ते गेले.

दफन झाल्यावर विमलबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमची प्रार्थना होती, म्हणून शांतपणे गेले हो." आणि मी... मी मान डोलावली. विसरलो, ते एक वेळ माणूस म्हणून सोडून देता येईल. पण मान डोलावली! ते काही केल्या गिळता येईना.

त्या दिवसापासून माझी प्रार्थनाच बंद पडली. चर्चमध्ये छापील प्रार्थना वाचत होतो, उपदेश करत होतो, डिसेंबरात घरोघरी कॅरल, नाताळ, वर्षअखेरची उपासना, सगळं रीतसर पार पाडलं. पण दुपारी तीनला एकटा वही उघडून बसलो की पहिलं नावसुद्धा तोंडातून फुटायचं नाही. ज्याला प्रार्थना येत नाही त्याने पाळक म्हणून कुठल्या तोंडाने राहायचं? जानेवारी लागला तेव्हा मी चार ओळींचा राजीनामा लिहिला आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

शोभनाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, पण तिला डोळे आहेत. तिने कमिटीच्या सेक्रेटरींना परस्पर गाठून मला तीन आठवड्यांची सुट्टी मिळवली. मी नाही-होय करायला लागलो तर म्हणाली, "शब्बाथाच्या विश्रांतीवर इतकी वर्षं बोलताय, एकदा पाळून तरी बघा." आणि निघताना माझ्या खिशातली वही काढून घेतली, लोखंडी कपाटात टाकली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. विश्रांतीला जाताना कुणी हजेरीपट घेऊन जातं का, असं तिचं म्हणणं.

आमच्या शेजारी गोखले सर राहतात, निवृत्त शिक्षक. त्यांची केळशीला आंब्या-पोफळीची बाग आहे आणि बागेत दोन खोल्यांचं घर. तिथे जायचं ठरलं. जयगडची फेरीबोट, मग दाभोळची, दोन्हींवर स्कूटर चढवत-उतरवत संध्याकाळी पोचलो. बाग सांभाळणाऱ्या पार्वतीकाकी वाट बघत होत्या. साठीच्या, एकट्या. दोन मुलगे मुंबईला. घराच्या पश्चिमेला चिऱ्याचा गडगा, म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत, आणि पलीकडे दुसऱ्या कुणाची तरी काजूची बाग. तिचे मालक कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. काजूच्या वाळक्या पानांचा तिथे घोटाभर थर होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिले दोन दिवस नुसता झोपलो. काकी भाकरी आणि कुळथाचं पिठलं आणून ठेवायच्या, मी जेवायचो आणि परत आडवा. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत आरामखुर्चीवर पडलो होतो. कलमांना मोहोर होता, वारा पडलेला. तेवढ्यात गडग्यापलीकडून कुणीतरी नावं वाचत असल्याचं ऐकू आलं. बाईचा आवाज की पुरुषाचा, ते नेमकं सांगता येणार नाही. हळू, सावकाश, एक नाव, मग थोडं थांबून दुसरं. मला वाटलं, ग्रामपंचायतीचे लोक कसली तरी यादी घेऊन आले असतील. वैतागलोच. म्हटलं, आता इथेही शांतता नाही. घड्याळ बघितलं तर तीन वाजून गेलेले.

दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा तेच. या वेळी कान देऊन ऐकलं.

"सायमन... डावा पाय. रेबेका... दहावी. लीलाबाई... सून."

माझीच वही! माझे शब्द, माझाच क्रम. मी तसाच उठलो, पायात चपलाही न घालता, गडग्यावरून उडी मारली. पलीकडे कुणीच नाही. माझ्या पायाखाली वाळकी पानं अशी कुरकुरत होती की मांजर गेलं असतं तरी ऐकू आलं असतं. आणि मी उडी मारली तेव्हा आवाज थांबला होता, पण पानं वाजली ती फक्त माझ्या पायांखालची.

आता माझ्यासारखा माणूस काय करणार? खुलासा शोधला. वही मला तोंडपाठ आहे, थकलेलं डोकं तीनचा ठोका पडला की आपोआप उगाळत असणार. विहिरीपाशी तेवढी फोनला रेंज यायची. तिथून शोभनाला फोन करून विचारलं, वही कुठे आहे? म्हणाली, कपाटात, आणि किल्ली माझ्याकडे, आणि विश्रांती घ्या. माझं समाधान झालं. म्हणजे मी तसं करून घेतलं.

त्याच्या पुढच्या दिवशी मी पेन घेऊन बसलो. कागद शोधला तर बॅगेत एकच कागद, तो राजीनाम्याचा. तो उलटा केला आणि पाठीवर लिहायला लागलो. सगळी वही वाचून झाली, आणि मग थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, "दिनकर साळवी... गुरुवार."

वहीत नसलेलं नाव. मी खुर्चीतच रडलो, लाज कसली सांगायला. पण रडता रडताही मनात हेच, की हेही डोक्यातलंच, टोचणीच बोलतेय ही. त्याच्यापुढे आणखी एक नाव आलं. "कुसुम... दोन्ही डोळे." आणि त्यानंतर शेवटचं एक, इतकं हळू की कळलंच नाही.

कुसुम? आमच्या मंडळीत कुसुम नाही. नात्यात नाही. शोभनाला विचारलं, तिलाही कुणी आठवेना. पंधरा वर्षांच्या जुन्या वह्या मनातल्या मनात उलटल्या. नाही. मग माझ्या डोक्याने हे नाव आणलं कुठून?

संध्याकाळी चहा घेऊन काकी आल्या तेव्हा मी आडून आडून विचारलं, की पलीकडच्या बागेत दुपारचं कुणी येतं का. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पायरीवर बसल्या.

"तुमीपन आयकलाव वाटतं," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. माज्या सासूला येत होतं आयकायला. मुंबैला गेलेल्या पोरांची नावं. मला कदी नाय आलं. मी आपली रोज मीच घेतंय माज्या पोरांची नावं."

एवढं बोलून त्या कप घेऊन गेल्या. सासूबाईंना कुणाचा आवाज यायचा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. मी मात्र त्यांना हाक मारून त्यांच्या मुलांची नावं विचारून घेतली आणि राजीनाम्याच्या पाठीवर लिहिली. हात आपसूकच गेला.

आणि दुसऱ्या दिवशी तीनला, आवाज सुरू व्हायच्या आधीच, मी तोंड उघडलं. दिनकररावांचं नाव घ्यायची हिंमत नव्हती, सायमनचंही नाही. पण कुसुम नावाची जी कोण बाई आहे, जिला मी कधी पाहिलं नाही, जिचं मी काही बिघडवलेलं नाही, तिच्यासाठी माझ्या तोंडून शब्द आले. "प्रभू, कुसुमचे दोन्ही डोळे." इतकंच. दोन महिन्यांतली माझी ही पहिली प्रार्थना. मग काकींचे मुलगे, मग सायमन, मग एकामागून एक सगळे आले. उरलेले सगळे दिवस मी आणि तो आवाज, दोघांनी मिळून नावं घेतली म्हणा ना. भीती कधी वाटली नाही. शेवटचं नाव मात्र काही केल्या ऐकू आलं नाही. गडग्याला कान लावून बसलो तरी नाही.

रत्नागिरीला परतलो त्याच संध्याकाळी विमलबाईंकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी म्हटलं, चहा नंतर, आधी ऐकून घ्या. आणि सगळं सांगितलं. की मी वही काढली नाही, की गुरुवारी मला दिनकरराव आठवलेही नाहीत, की तुम्ही आभार मानलेत आणि मी मान डोलावली. तुम्ही सांगाल तर उद्या राजीनामा देतो, असंही म्हटलं.

त्यांनी चहाखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही त्या दिवशी लिहिलं नव्हतंत."

"मग तसं का म्हणालात?"

"दफनाला तुमचा चेहरा बघितला. माझ्यापेक्षा तुमचीच दशा वाईट होती. म्हटलं, या माणसाला आज कुणीतरी बरं बोलायला पाहिजे."

इतके दिवस जे वाक्य मला सुईसारखं टोचत होतं, ते त्या बाईने, नवरा मातीआड झाल्या झाल्या, मला सावरायला म्हटलं होतं. चहा आला, मी प्यायलो. दिनकररावांच्या पाठोपाठ आलेलं ते नाव डोक्यात होतंच, म्हणून मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "विमलबाई, कुसुम कोण?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माझी धाकटी बहीण, चिपळूणला असते. काचबिंदू झालाय, दोन्ही डोळ्यांत. तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर कुणालाच..." त्या थांबल्या. "तुम्हाला सांगणार होते. पण पुन्हा विसरलात तर तुम्हालाच त्रास होईल, म्हणून नाही सांगितलं. तुम्ही सुट्टीवर गेलात, तीनची वेळ रिकामी जायला नको, म्हणून मीच बसत होते. ह्यांचं नाव नुसतं घ्यायचं, मागायचं काही नाही. मग कुसुमचं. आणि मग शेवटी तुमचं."

"माझं?"

"हो. जरा हळू घ्यायचे. पाळकासाठी प्रार्थना करायची म्हणजे संकोच वाटतो हो."

तुम्ही आता म्हणाल, झाला की खुलासा. नाही झाला. विमलबाई रत्नागिरीत आपल्या देवघरासारख्या छोट्या खोलीत बसून तीन नावं घेत होत्या, मी दोन खाड्या ओलांडून पलीकडे केळशीला होतो. त्यांचा आवाज मी पंधरा वर्षं ओळखतो, तो आवाज त्यांचा नव्हता. आणि सायमनचा डावा पाय, रेबेकाची दहावी त्यांना ठाऊक असायचं कारणच नाही, वही कपाटात होती. ते नावं वाचणारं कोण होतं? माहीत नाही. मी पाळक असूनही चटकन कुणाचं नाव घेऊन मोकळा होणार नाही. ज्याने कुणी वाचली, त्याचा मी ऋणी आहे, एवढंच खात्रीने सांगू शकतो.

कुसुमताईंचा एक डोळा वाचला, दुसरा नाही वाचला. तेही लिहायला हवं, नाहीतर हा चमत्काराचा किस्सा होईल आणि मला ते आवडणार नाही. त्या स्वतः येऊन भेटून गेल्या. राजीनामा अजून माझ्याकडेच आहे, वहीत घडी करून, पाठीवरची नावं वर येतील असा.

आता रविवारी दारात मी आधी पेन काढतो, मग हात मिळवतो. माइक शिट्ट्या मारो नाहीतर बोंबलो. विमलबाई बाहेर पडताना दर वेळी माझ्या खिशाकडे बघतात आणि विचारतात, "वही आहे ना?" मी काढून दाखवतो. पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे, ते त्यांना अजून दाखवलेलं नाही.