मलिहाबादचा मोहोर राहून गेला

सुहासिनी म्हैसाळकर लग्न होऊन मिरजेहून लखनौला आल्या, तेव्हा त्यांना हिंदीतलं एकच वाक्य न अडखळता म्हणता यायचं, "भैया, ठीक-ठीक लगा लो." तेवढ्या भांडवलावर त्यांनी अमीनाबादेत संसाराची भांडी घेतली, महानगर नावाच्या वस्तीत भाड्याचं घर लावलं आणि पुढे परीक्षा देऊन कँटोन्मेंटमधल्या लेखा कार्यालयात नोकरीही मिळवली. तिथून त्या सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाल्या. कागदाला कागद जुळल्याशिवाय मॅडम खुर्चीवरून उठत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. काम वरून सुरू करायचं आणि खाली उतरत जायचं, मधलं काही उचलायचं नाही, ही त्यांची रीत.

नवरा, बाळकृष्ण, एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा विषय आंब्याचा मोहोर. थंडी संपता संपता ते स्कूटर काढायचे, गळ्यात कॅमेरा, खिशात तापमापक, आणि काकोरी, मलिहाबाद, बक्शी का तालाब असे लखनौभोवतीच्या बागांमधून हिंडायचे, मलिहाबादला सर्वांत जास्त. तीच झाडं, त्याच फांद्या, दरवर्षी. मोहोर कधी फुटला, किती टिकला, कधी गळला. मुलीचा, अनन्याचा, वाढदिवस फेब्रुवारीत यायचा आणि बाबा बहुतेक वेळा कुठल्यातरी बागेत असायचे. सुहासिनीबाई कुरकुरायच्या, पण जेवायला थांबायच्या.

घरातला कॉम्प्युटर हा त्यांचा दुसरा नाद. सुटे भाग आणून तो ते स्वतः जोडायचे. बाईंनी त्याला हात लावला नाही. "तुमची मशिनरी तुम्हीच सांभाळा, माझ्या डब्यांना मी कुणाला हात लावू देते का?" असं त्यांचं म्हणणं.

मग बाळकृष्णांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटू लागली. आधी नावं गेली, मग रस्ते. एकदा घराजवळच्याच कपूरथला चौकात भाजीची पिशवी धरून ते उभे राहिले होते; ओळखीच्या दुकानदाराने हाताला धरून घरी आणून सोडलं. "अंकल जी को गली नहीं मिल रही थी," तो हसत म्हणाला. बाई हसल्या नाहीत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि यावर उतार नाही हेही सांगितलं. त्या दिवसापासून दाराला आतून वरची कडी लागली.

यंदा दिवाळी झाल्यावर चेतना घरी आली. बाळकृष्णांच्या हाताखाली शिकलेली ही लखनौचीच मुलगी आता त्याच संस्थेत शास्त्रज्ञ होती. सरांच्या पाया पडली. सर तिला म्हणाले, "बसा, बसा. चहा घेणार?" पण ती कोण, हे त्यांना कळलं नव्हतं.

"आंटी जी," चेतना स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "सर के पुराने फोटो चाहिए थे, बागों वाले. ऑफिस की कॉपी कब की खराब हो गई. इतने साल का रिकॉर्ड किसी के पास नहीं है. मोहोर अब पहले आने लगा है, यह सर ही सबसे पहले कहते थे. कोई मानता नहीं था."

तिच्या तोंडून 'मोहोर' हा मराठी शब्द ऐकून बाईंना भरून आलं. सरांकडूनच शिकली असणार.

"मिल जाएगा," त्या म्हणाल्या. बोलून गेल्या आणि मग धास्तावल्या.

फोटो होते माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. तो खाली काढला, पुसला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. बाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, हा सुरू कसा करायचा?" त्यांनी डब्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाले, "माणूस बोलवावा लागेल."

ज्याने तो डबा स्वतःच्या हातांनी जोडला होता, त्याचंच हे उत्तर.

हजरतगंजच्या बाजूला कॉम्प्युटरची दुकानं आहेत, तिथे बाई गेल्या. दुकानदार म्हणाला, फोटो आहेत ती आतली डिस्क ठेवून जा, बघतो, पण गॅरंटी नाही. डिस्क त्याच्याकडे ठेवून यायला बाईंचा जीव होईना. त्या तशाच परतल्या आणि बंगळूरला अनन्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, रहने दो ना यार. तुमसे नहीं होगा."

"का नाही होणार? तू सांग, मी करते."

अनन्याच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला दुसरा डेस्कटॉप घरात चालू स्थितीत होता. जुन्या डिस्कला वायरींची रुंद चपटी पट्टी लागायची. नव्या कॉम्प्युटरमध्ये तसली पट्टी चालत नाही. पण हा मधल्या काळातला, त्यात तसली एक जागा शिल्लक होती. तिथून आलेली पट्टी सीडीच्या ड्राइव्हला लावलेली होती आणि तिच्या मध्यावर आणखी एक टोक रिकामं होतं. अनन्याने नेटवर वाचून सांगितलं आणि बाईंनी फोन डाळीच्या डब्याला टेकवून एकेक स्क्रू काढला. जुनी डिस्क हातात आली. विटेसारखी जड, थंड. ती त्या रिकाम्या टोकाला जोडली आणि विजेचा चार भोकांचा प्लग बसवला.

कॉम्प्युटर सुरू झाला, पण त्याला डिस्क दिसेना. आणि मघापर्यंत दिसणारा सीडी ड्राइव्हही नाहीसा झाला!

"आता हे काय गं? होतं तेही गेलं."

"रुको, रुको. आई, डिस्कच्या मागे छोटासा प्लास्टिकचा तुकडा है क्या? पिनांवर?"

होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला जंपर म्हणतात आणि एका पट्टीवरच्या दोन यंत्रांत मुख्य कोण, दुय्यम कोण ते त्यावरून ठरतं, असं अनन्याने सांगितलं. दोन्हीही मुख्य होऊन बसली होती.

"एक पट्टी पे दो मास्टर नहीं चलते, आई."

"घरात तरी कुठे चालतात," बाई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मायलेकी एकदम हसल्या.

सीडी ड्राइव्ह काढून टाकला, डिस्क एकटीच पट्टीच्या शेवटच्या टोकाला लावली. आता ती अडखळत टकटक करू लागली. बाईंनी एकेक वायर चाचपून पाहिली. विजेचा प्लगच सैल होता. तो काढून नीट दाबून बसवला, तेव्हा टकटक थांबली आणि जातं फिरावं तशी संथ घरघर सुरू झाली. पडद्यावर आधी इंग्रजी अक्षरांत डिस्कचं नाव उमटलं, मग नवा ड्राइव्ह, मग आत जायची परवानगी नाही अशी पाटी. परवानगी कशी घ्यायची हे शोधण्यात दुपार गेली. "फॉरमॅट पूछे तो हाँ मत बोलना, आई, सब मिट जाएगा," असं अनन्या पुन्हा पुन्हा बजावत होती. आणि अखेर फोल्डर उघडले.

बागांच्या नावांचे फोल्डर. आत सालं, सालांच्या आत फांद्या. एक फोटो बाईंनी उघडला. पिवळट तुरा, मागे धुकं, आणि कोपऱ्यात बाळकृष्णांचं तापमापक धरलेलं बोट.

नोकरीत असताना ताळमेळ लागला की व्हायचं, तसं त्यांना झालं. उलट जास्तच.

सगळे फोल्डर निवडून त्यांनी डेस्कटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करायला लावले. वरून खाली, नेहमीच्या रीतीने. बक्शी का तालाब, चिनहट, काकोरी. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. जुनी डिस्क डब्याबाहेर, टेबलावर वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवलेली. ती तापली तर, म्हणून बाईंनी टेबलफॅनही तिच्याकडे वळवला. बाळकृष्ण आतल्या खोलीत झोपले होते. काकोरी संपून मलिहाबाद सुरू झालं आणि तेवढ्यात गॅसवाल्याने बेल वाजवली.

कडी काढली, सिलिंडर आत घेतलं, त्याच्याकडून गळती तपासून घेतली, त्याला पाणी दिलं. तेवढाच वेळ.

परत आल्या तर बाळकृष्ण टेबलाशी उभे. फिरती डिस्क त्यांच्या हातात होती. पट्टी ताणली गेली होती आणि ते डिस्क उलटीसुलटी करून बघत होते.

"हे असं उघडं ठेवायचं नसतं," ते म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा. अनन्याने कॅमेऱ्याला हात लावला की निघायचा तो. "धूळ जाते आत."

"अहो, ठेवा! ठेवा खाली!"

बाईंच्या ओरडण्याने ते दचकले. डिस्क हातातून सुटली, टेबलाच्या कडेवर आपटली आणि वायरीला लोंबकळत राहिली. आतून कर्रर्र असा आवाज आला, काचेवर खिळा ओढावा तसा. मग टकटक. हिरवी पट्टी जागच्या जागी थांबली.

"काय केलंत हे! काय केलंत तुम्ही!" बाई किंचाळल्या. पुढेही काय काय बोलल्या, ते त्यांना नंतर आठवेना. एवढ्या वर्षांत त्या नवऱ्यावर अशा कधीच ओरडल्या नव्हत्या.

बाळकृष्णांनी दोन्ही हात अंगाशी धरले. मान खाली घातली. आणि ऑफिसात साहेबापुढे उभं राहावं तसे म्हणाले, "सॉरी, मॅडम."

बाई खुर्चीवर बसल्या. रागवायला समोर कुणी उरलंच नव्हतं. ज्यांनी ते फोटो काढले, ते इथे नव्हते. जे इथे होते, त्यांनी धूळ जाईल म्हणून काळजीने डिस्क उचलली होती. थोड्या वेळाने त्या उठल्या, नवऱ्याचे हात धुतले, बिस्किटं दिली आणि पुन्हा टेबलाशी गेल्या.

पुढचे दिवस त्यांनी त्या डिस्कची मनधरणी केली. पट्टी बदलून पाहिली, प्लग बदलला, डिस्क आडवी ठेवली, उभी ठेवली. थंड करून लाव, असं कुणीतरी सुचवलं, तेही केलं. प्रत्येक वेळी बटण दाबताना श्वास रोखायचा आणि प्रत्येक वेळी तीच टकटक ऐकायची. शेवटी हजरतगंजच्या त्याच दुकानदाराकडे गेल्या. त्याने डिस्क कानाशी धरून हलवली, दुसऱ्या माणसाला दाखवली. "माताजी, अंदर की प्लेट छिल गई है. अब कोई नहीं निकाल पाएगा." चेहऱ्यावरून तरी तो खोटं बोलत नव्हता. बाईंनी ती रुमालात गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आल्या.

चेतनाला बोलावून जे निघालं होतं ते दिलं. तिने एकेक फोल्डर उघडला. काकोरी पूर्ण होतं. मलिहाबादचं मात्र पहिलं सालही पुरतं नव्हतं.

"मलिहाबाद ही तो असली था, आंटी जी," तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिने स्वतःला सावरलं. "कोई बात नहीं. काकोरी से भी कुछ तो निकलेगा. छोटा पेपर हो जाएगा."

मलिहाबाद आधी घेतलं असतं तर? साधा प्रश्न होता आणि तो बाईंना कॉपी करताना सुचलाच नव्हता. वरून खाली! जन्मभर ज्या रीतीचं कौतुक झालं, ती यावेळी नडली.

"हुआ कैसे?" चेतनाने विचारलं.

पलीकडच्या खुर्चीवर बाळकृष्ण वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

"माझ्या हातून पडली," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मुझसे गिर गई."

चेतनाच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली, ती बाईंनी पाहिली आणि सोसली. निघताना तिने पडद्यावर एक फोटो मोठा करून सरांपुढे धरला. "सर, देखिए, काकोरी." बाळकृष्णांनी शिष्टाचाराने पाहिलं. "वा, सुंदर आहे. कोणी काढला?" चेतना "आपने, सर" म्हणाली, तेव्हा कुणी थट्टा करावी तसे ते हसले.

संध्याकाळी अनन्याचा फोन आला. बाईंनी तिलाही तेच सांगितलं.

"आई! चलती डिस्क को हाथ क्यों लगाया? कितनी बार बोला था? बाबांचं पूरा काम था उसमें, पूरा! तुम सुनती ही नहीं हो किसी की!"

"हो गं, चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे? अब क्या फायदा?"

फोनमधून मुलीचा रडवेला आवाज खोलीभर पसरला होता. खरं सांगावंसं एकदा बाईंच्या ओठांवर आलं. पण बापाच्या हातून बापाचं काम गेलं, हे एवढ्या लांब एकटीने ऐकून ती काय करणार? त्यापेक्षा आईवर रागावलेली बरी, राग निवतो. त्या नुसत्या "हो, हो" म्हणत राहिल्या.

बाळकृष्ण शेजारी येऊन बसले. बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला.

"कोण रागावतंय तुला?"

"कोणी नाही हो."

"असं कसं? रागावतायत ना." त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. "दे इकडे. मी बोलतो त्यांच्याशी."