पांढऱ्या पायऱ्या

माझी ताई शिवणकाम करायची. चाळीस वर्षं पायाच्या मशीनवर तिनं दुसऱ्यांचे कपडे शिवले आणि स्वतःचे गुडघे झिजवले. मला पोहायला तिनंच शिकवलं. मानगूट धरून पाण्यात ढकलायची आणि काठावरून ओरडायची, "हात मार, रडतोस काय!" पुढे मी सार्वजनिक तलावाचा व्यवस्थापक झालो, तर तिनं सगळ्या नातेवाइकांत असं मिरवलं की जणू तलाव मीच खणलाय.

साठी उलटल्यावर डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं. बाहेर काठीशिवाय दहा पावलं टाकवत नव्हती, पाण्यात मात्र जमेल म्हणाले. ती हुरूपानं आली आणि तलावात उतरायची उभी लोखंडी शिडी बघून म्हणाली, "ह्याच्यावरून माकडं उतरतील. मी नाही."

मग तिनं माझा पिच्छा पुरवला. कपडे बदलायच्या खोलीत बाक ठेव. खुंट्या खाली घे, वर हात जात नाहीत. आमच्या वेळेला शिट्ट्या नकोत, दचकायला होतं. दुकानातल्या पोहण्याच्या कपड्यांत तिचा एक गुडघासुद्धा मावेना, म्हणून तिनं स्वतःसाठी आणि शेजारच्या पाच जणींसाठी पूर्ण बाह्यांचे ढगळ पोशाख शिवले. मी कुरकुरत का होईना, सगळं केलं. सकाळी दहाचा तास ज्येष्ठांसाठी ठेवला. तलावाच्या समितीच्या हातापाया पडून उथळ बाजूला रुंद पायऱ्या आणि कठडा मंजूर करून घेतला.

बांधकाम झालं, तलाव अजून रिकामाच होता, तेव्हा ती बघायला आली. काठी टेकत उतरली, चढली, पुन्हा उतरली.

"धाकट्या, सगळं पांढरंशुभ्र आहे रे. पाणी भरलं की पायरी कुठे संपते ते आम्हाला दिसायचं नाही. कडेला गडद फरशीची पट्टी घाल."

"वरून घाण साचल्यासारखी दिसेल ती."

"अरे, पोहणाऱ्या पोरांसाठी तळाला काळ्या रेघा आहेतच की!"

"त्या शर्यतीसाठी असतात. हे शिवणकाम नाहीये, ताई. मला कळतं."

आम्हा तलाववाल्यांचं हे खूळच असतं. तळावर नुसता केस दिसला तरी आमचा जीव खालीवर होतो. तीस वर्षं मी डाग शोधण्यात घालवली होती. आपल्याच हातानं डाग पाडायचा, हे जिवावर आलं. शिवाय उद्घाटनाच्या पाहुण्यांसमोर छान दिसावं ही हौसही होती, खोटं कशाला बोलू?

पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे. कठडा धरून दोन पायऱ्या उतरली. अजून पायरी बरीच रुंद आहे असं समजून तिनं कठडा सोडला, मागे वळून मैत्रिणींना हात केला, "या गं, काही होत नाही." पाऊल कडेवरून गेलं आणि खुबा त्याच कडेवर आपटला. जीवरक्षकानं लगेच उचललं, पण खुबा मोडला होता.

संध्याकाळी मी घटनेच्या नोंदवहीत लिहिलं, "वयोमानामुळे सदस्येचा तोल गेला." पट्टीचा उल्लेखही केला नाही, ह्याची मला अजून लाज वाटते. समितीनं ते वाचून साठीवरच्या सगळ्यांना प्रवेश बंद केला, त्यांच्याच सुरक्षेसाठी म्हणे. मी तोंडातून ब्र काढला नाही. त्या पाच जणींचे पोशाख कपाटात गेले.

ताई पुन्हा धड उभी राहिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझाच धांदरटपणा." पट्टीचा विषय तिनं एकदाही काढला नाही. मला वाटायचं, धाकट्या भावाची अब्रू झाकतेय. तसं नव्हतं. माझी नोंद कुणीतरी तिला वाचून दाखवली होती आणि तिनं ती खरी मानली होती. धाकट्याला पाण्यातलं कळतं, तो म्हणतो म्हणजे तसंच असणार.

आता त्या पायऱ्यांना गडद पट्ट्या आहेत. दहाचा तास पुन्हा सुरू झालाय, म्हातारी माणसं पाण्यात गप्पा मारत चालतात, जाताना माझे आभार मानतात आणि मी ते मुकाट्यानं घेतो. हे सगळं केलं मी, पण ताई गेल्यावर.

ती जायच्या चार दिवस आधी दुपारी मी तिच्या पलंगाशी बसलो होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या एकटीमुळे सगळ्याजणींचं पाणी बंद झालं, ना रे?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे गं ताई. नको मनाला लावून घेऊस."

तिनं माझा हात दाबला आणि निवांत डोळे मिटले. तिला वाटलं, मी तिला माफ केलं.