एका हाताची म्हैस

चंद्रीच्या डाव्या सडाला बारीकशी चीर पडली, त्या दिवशी जनावरांचा डॉक्टर फोन केल्यापासून अर्ध्या तासात वस्तीवर हजर झाला. हनुमंतानं त्याला गाडीवरून उतरायच्या आत पाणी दिलं. बायडाबाईंनी कढत पाण्याचं पातेलं आणलं आणि म्हशीच्या तोंडावरून हात फिरवत "माझी बाय ती, माझी लक्षुमी" असं सुरू केलं. जयमाला, म्हणजे बायडाबाईंची सून आणि हनुमंताची बायको, कासेपाशी उकिडवी बसून सड धरून होती. मलमाची ट्यूब तिच्या हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा निसटून शेणात पडली तेव्हा डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं.

"वहिनी, हाताला काय झालंय?"

"काय न्हाई. मुंग्या येत्यात."

"कधीपासून?"

"झालं असंल वरीस."

डॉक्टरनं तिचा उजवा हात उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी मांसाची उशी असते, ती पार बसली होती. "हनुमंतराव, मी जनावरांचा डॉक्टर. पण हे जनावरात असतं ना, तर मी आजच तुम्हाला गाडी करायला लावली असती. नगरला दाखवा."

"दाखवू की," हनुमंत म्हणाला. "आदी सडाचं सांगा. दूद किती दिवस डेअरीला घालायचं न्हाई?"

जयमालानं शेणातली ट्यूब डाव्या हातानं उचलली आणि पदराला पुसली.

घोडेगावपासून दोन कोसांवर त्यांची वस्ती. जयमाला या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली. पहिली पंधरा वर्षं तिच्या हाताला या घरात किंमत नव्हती. बायडाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या सुनंच्या हाताला येशच न्हाई बया. हिनं इरजान लावलेलं दही बी लागत न्हाई." मग सात वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजारातून चंद्री आली. कपाळावर पांढरा ठिपका, आणि मागं नऊ दिवसांचं रेडकू. रेडकू तिसऱ्या दिवशी मेलं आणि चंद्रीनं पान्हा चोरला. हनुमंत बसला, त्याच्या मांडीवर लाथ बसली. बायडाबाई बसल्या, त्यांची बादली उकिरड्यापर्यंत गेली. शेजारच्या वस्तीवरून दोन जाणते बोलावले, तेही लंगडत गेले.

जयमाला मात्र तीन दिवस म्हशीपाशीच बसून राहिली. सरकीची पेंड हातानं चारली. स्वतःची भाकरी तिथंच खाल्ली आणि अर्धी तिला दिली. खरारा करता करता तिच्याशी बोलत राहिली. चौथ्या दिवशी संध्याकाळी चंद्रीनं मान खाली घातली, एक लांब उसासा टाकला आणि कास भरून आली. दुसऱ्या दिवशी बायडाबाई विहिरीवर शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या जयमालाच्या हातात कायतरी हाय गं."

तेवढ्या एका वाक्यावर जयमालानं सात वर्षं काढली.

आता खरं सांगायचं तर इथं चूक तिचीच झाली. पुढं चंद्री चारदा व्याली, रेडकं जगली, तेव्हा खोड मोडता आली असती. एकदा हनुमंत आपणहून म्हणाला होता, "सरक, मी बसून बगतो." तर हीच घाईनं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिला परका हात चालत न्हाई." असं म्हणताना तिची छाती बोटभर फुगली होती. ज्या दाव्यानं म्हैस बांधली, त्याच दाव्याचं दुसरं टोक आपण आपल्याच पायात अडकवतोय, हे तिला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते हळूहळू. सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच, हे दोन खुंटे. मधल्या वेळात जिथवर जाता येईल तेवढंच जग. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला ती अक्षता पडेपर्यंत थांबली, जेवायला नाही. कुकाण्याला आई आजारी होती, तेव्हा जयमाला दुपारच्या गाडीनं जायची, आईचे पाय चेपायची आणि चार वाजता घड्याळाकडं बघायची. आई म्हणायची, "जा बाई, तुजी म्हस तुंबंल." आई गेली ती पहाटे. पहाटे जयमाला धार काढत होती.

विकायची म्हटलं तर घोडेगावच्या बाजारात गिऱ्हाईक आधी स्वतः खाली बसून धार काढून बघतं. एकदा नेली होती. गिऱ्हाईक कपडे झटकत उठलं आणि म्हणालं, "पावनं, म्हशीसंगं बायको बी देता काय?" सगळा बाजार हसला. हनुमंतही हसला. जयमालाला ते हसू अजून आठवतं.

हात बधिर होऊ लागला तशी भाकरी वाकडी व्हायला लागली, बांगड्या भरताना कळ यायला लागली, झोपेतून उठून हात झटकावा लागायला लागला. पहिल्यांदा ती नगरच्या डॉक्टरकडं निघाली तेव्हा वाटेतल्या पांढरीपुलापर्यंतच पोचली. बायडाबाईंचा फोन आला, "म्हस हंबरतीय, कायतरी झालंय तिला." ती उतरली आणि उलट्या गाडीनं परत आली. चंद्रीला काही झालं नव्हतं. पाणी दाखवायचं राहिलं होतं, एवढंच. दुसऱ्या वेळी ती पोचली. डॉक्टरांनी हाताला करंट लावून तपासलं आणि सांगितलं, "मनगटात नस दबलीय. छोटं ऑपरेशन आहे. पण नंतर तीन आठवडे पिळायचं नाही, धार काढायची नाही. उशीर केलात तर बोटं कायमची जातील."

तीन आठवडे. जयमालानं कागद घडी करून ब्लाउजच्या पेटीत ठेवला आणि दोन महिने घरात त्याचं नाव काढलं नाही.

कागद सापडला तो दिशाला. दिशा म्हणजे तिची मुलगी. सुप्याच्या एका कारखान्यात कामाला, तिथंच मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. सुट्टीला आली, पेटी उघडली आणि सरळ अंगणात आली.

"पप्पा, हे काय आहे?"

"काय?"

"मम्मीची बोटं जाणारेत."

"कुटं जानारेत?"

"पप्पा!"

"अगं तसं न्हाई. करू की ऑपरेशन. म्हस आटली की करू."

"म्हस आटायला अजून पाच म्हयनं हायेत," जयमाला चुलीपुढून म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला.

दिशानं तारीख घेतली, रजा टाकली आणि बापाला पंधरा दिवसांची शिकवणी लावून दिली. जयमाला धार काढताना गाऊन घालते, वर टॉवेल आणि डोक्याला फडकं. तेच कपडे हनुमंतानं घालायचे, म्हणजे म्हशीला वास ओळखीचा लागेल. अशी युक्ती जुनीच आहे. पूर्वी गडी बायकोचं लुगडं नेसून बसायचे. हनुमंत फुलाफुलांचा गाऊन घालून दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी डेअरीची गाडी लवकर आली, आणि ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, आज मिशा वाढल्या का?"

चौथ्या दिवसापासून शिकवणी बंद. "त्या दिवशी बगून घिऊ," हनुमंत म्हणाला. "येळ आली की म्हस बी समजून घेती."

तारखेच्या दिवशी जयमालानं पहाटे धार काढली, चंद्रीच्या कपाळावरून हात फिरवला आणि दिशाबरोबर नगर गाठलं. नंबर दुपारी बाराचा होता. मधेच एका अपघाताचे पेशंट आले आणि सगळं पुढं ढकललं गेलं. दोन वाजले, तीन वाजले. उपाशी पोटी बाकड्यावर बसून जयमाला भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. साडेचारनंतर तिचं अंग आपोआप अस्वस्थ झालं. शेजारी मुक्ताबाई नावाची एक म्हातारी बसली होती, नातवाचं प्लास्टर काढायला आलेली. ती म्हणाली, "भ्या वाटतंय व्हय?"

"न्हाई. धारंची येळ झाली."

सव्वापाचला पुन्हा फोन वाजला.

"अगं गाऊन घातलाय, फडकं बांदलंय, तुजी चप्पल बी घातलीय," हनुमंत धापा टाकत होता. "दोनदा बादली उडवली तिनं. झालं का तुजं?"

"अजून आत घेतलं न्हाई."

"मंग ये ना निगून. परवा कर. हात काय कुटं पळून चाल्लाय?"

जयमालाच्या मनात पांढरीपूल येऊन गेला. आत्ता उठलं तर सहाची गाडी मिळेल, आठच्या आत वस्ती. आणि मग पुन्हा तारीख, पुन्हा दिशाची रजा, पुन्हा पंधरा दिवसांची शिकवणी.

"म्या येत न्हाई," ती म्हणाली.

तिकडं थोडा वेळ नुसती म्हैस हंबरत राहिली. मग हनुमंत म्हणाला, "बरं, मंग बोल तरी तिच्याशी. फोन कानाला लावतो तिच्या."

"इथं? मानसं हायेत."

"मानसं काय खात्यात काय तुला? तुंबलीय ती, जयमाला. सड तडकतील."

आणि जयमाला बोलली. पन्नास माणसांनी भरलेल्या त्या खोलीत, फोन तोंडाशी धरून, मान खाली घालून. "ये बाय... चंद्रे... मी हाय गं. उभी ऱ्हा. सोड माजी बाय, सोड..." खोली हळूहळू शांत झाली. एक पोरगं खिदळलं, त्याला आईनं दटावलं. फोनमधून बादलीवर चर्र, चर्र असा आवाज आला.

"सोडला! सोडला गं!" हनुमंत ओरडला. "थांबू नको, बोलत ऱ्हा."

मुक्ताबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "लई माया हाय बाई मुक्या जनावराची."

जयमालाच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते मायेचं नव्हतं. तिला दिसत होतं, की मांडीवर ठेवलेल्या तिच्या उजव्या हाताची बधिर बोटं आपसूक मिटत होती, उघडत होती. हवेत धार काढत होती. तिला संताप आला, तो हनुमंताचा आला की म्हशीचा की त्या बोटांचा, तिला सांगता आलं नसतं. सकाळपासून या फोनवर नऊ वेळा बोलणं झालं होतं. हाताची चौकशी एकदाही नव्हती.

"जयमाला कोण?" नर्स दारातून म्हणाली. "चला."

"अगं दोनच सडं झाल्यात," फोनमधून आवाज आला. "अजून दोन ऱ्हायल्यात. बोल की!"

"मावशी, येताय का पुढचा पेशंट घेऊ?"

जयमाला उठली. "ऱ्हायल्याली दोन तुमी बोला," ती फोनात म्हणाली आणि फोन दिशाच्या हातात दिला. "बंद करून ठेव. उचलू नको."

आत गेल्यावर नर्सनं बीपी पाहिलं आणि भुवया वर केल्या. "एवढं वाढलं कशानं?"

"म्हस बांदलीय घरी," जयमाला म्हणाली.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं, पण बीपीपायी तिला रात्रभर ठेवून घेतलं. म्हैस दुधात असताना सात वर्षांत पहिल्यांदा ती घराबाहेर झोपली. झोप कसली, पहाटे पाचला टक्क जागी झाली आणि उठून बसली. काय करावं ते न कळून तिनं खिडकीचे गज मोजले.

सकाळी दहाला ती आणि दिशा वस्तीवर उतरल्या. हात कोपरापर्यंत पट्टीनं पांढराशुभ्र. चंद्रीनं लांबूनच चाहूल घेतली आणि दावं ताणून हंबरली. तिची कास दगडासारखी टणक झाली होती आणि सडांतून दूध थेंबथेंब खाली गळत होतं. हनुमंत गाऊन घालून खांबाला टेकून बसला होता. गुडघ्यावर हळद लावलेली. बादलीत तांब्याभर दूध.

बायडाबाई पुढं आल्या. हाताकडं त्यांनी बघितलं, नाही असं नाही. "लई दुकतंय का?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता, "पर ते बग गं, मुकं जनावर कसं रडतंय. डावा हात मोकळाच हाय न्हवं? डाव्यानं जरा..."

"आजी," दिशा म्हणाली.

"म्या काय वंगाळ बोलले? जरा डाव्यानं मोकळी केली तर..."

जयमाला गोठ्याकडं बघत उभी राहिली. डावा हात मोकळा होता, हे खरं होतं. तो शिवशिवला सुद्धा. चंद्रीच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं. आणि तिला नीट कळत होतं, की आज डावा हात लावला की उद्यापासून तो डावा हात या घराचा.

"आत्याबाई, तिला बाजरी शिजवून घाला," ती म्हणाली. मग हनुमंताकडं वळली. "आन् तुमी बसा तिच्याखाली."

"बसलो की रातभर!" हनुमंत वैतागून म्हणाला. "न्हाई ऐकत. तू काय बोलती तिच्याशी, ते तरी सांग. मी तसंच बोलतो."

जयमाला थबकली. सात वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"काय बी," ती म्हणाली. "हात बधिरलाय म्हनून सांगते. आईला बगायला जायचं व्हतं म्हनून सांगत व्हते. भाकरी वाकडी झाली म्हनून आत्याबाई बोलल्या, ते सांगते. घरात सांगायला कुनी नसंल तर मानूस म्हशीला सांगतं."

बायडाबाईंनी बाजरीच्या डब्याकडं तोंड फिरवलं. हनुमंतानं गाऊनच्या बाह्या उगीच खाली ओढल्या. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, पण ते काय होतं हे बघायला ती थांबली नाही.

"मंग म्या काय बोलू?" त्यानं मागून विचारलं.

"ते तुमचं तुमी बगा. तीन आठवडं हायेत."

ती आत गेली. दिशानं तिला उशी दिली, हात उंच ठेवायला लावला. गोठ्यातून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग हनुमंताचं खाकरणं ऐकू आलं. मग त्याचा आवाज, गावच्या सभेत भाषणाला उभं केल्यासारखा, "हां... चंद्रे... आता काय झालं का..."

पुढचे शब्द कळले नाहीत. थोड्या वेळानं बादली धाडकन पालथी झाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ शिवी.

"जयमालाऽऽ!"

जयमालानं डोळे मिटले. ती उठली नाही.