कळलावीचे कंद आणि थोरल्या जाऊबाई

माझी फजिती कशी झाली ते सांगते, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकीला ठसका लागला होता.

दोन हजार सोळाच्या थंडीतली गोष्ट. कासा बाजाराच्या अलीकडे आमचं घर. कुंपणाला मी कळलावी लावली होती. पावसाळ्यात काय फुलते म्हणून सांगू, लालपिवळा जाळच! वेल वाळली तरी कंद जमिनीत जिवंत राहतो, दर वर्षी पुन्हा उगवतो. फक्त एक गोष्ट मी घरात लपवली होती. तो कंद जहाल विषारी असतो. कळलं असतं तर ह्यांनी वेल त्याच दिवशी उपटली असती.

दिवाळीनंतर वेल वाळली. कंद काढून कोरडे ठेवावेत असं कुठेतरी वाचलं होतं. वाळक्या वेलीखाली खणलं, गोल गोल कंद निघाले, टोपलीत भरले आणि ठेवले कुठे? स्वयंपाकघरात, कांद्यांशेजारी. अक्कल बघा माझी.

त्या रविवारी वाणगावहून थोरले दीर आणि जाऊबाई आले. ह्यांनी अंगणात उकडहंडी लावली. मडक्यात वालपापडी, रताळी, कंद, वर भांबुर्ड्याचा पाला आणि भोवती जाळ. सगळ्यांनी ताव मारला. अकरा वर्षांत जाऊबाई पहिल्यांदा म्हणाल्या, छान झालंय. मी हवेत तरंगत आत गेले, आणि टोपली रिकामी दिसली.

"अहो, ह्यातलं काय केलंत?"

"करांदे ना? उकडून खायचेच कंद ते, टाकले हंडीत," हे म्हणाले.

मी धावत बाहेर आले. ओसरीवर दीर निवांत सुपारी कातरत होते. आता दिरांच्या मुलांना मी काय तोंड दाखवू? आणि मी स्वतः तीन खाल्ले होते! जिभेला मुंग्या येताहेत असं वाटायला लागलं. खरंच वाटत होतं हो.

रडत रडत सगळं कबूल केलं. मिठाचं पाणी करून प्रत्येकाला तांब्याभर पाजलं. जाऊबाई मोरीत ओकताना मला जे बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही. मग रस्त्यावर कासाची जीप थांबवली आणि चौघं कोंबून बसलो. डॉक्टरांना दाखवायला हंडीतला उरलेला एक कंद मी रुमालात घेतला होता.

जीपमध्ये आमच्या वाडीत कामाला येणारी लाडकीबाई बसली होती. माझं रडणं ऐकून तिने रुमाल उघडला, कंद सोलला आणि सरळ तोंडात टाकला. मी किंचाळले.

"बाय, कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो," ती चावत म्हणाली. "हा माझा करांदा. तुम्हाला विचारून तुमच्याच कुंपणाला लावलेला. त्याचीही वेल थंडीत वाळते. बियाण्याला ठेवलेले सगळे खाल्लेत ना?"

म्हणजे विष अजून जमिनीतच होतं, सुखरूप. आणि बाहेर निघालं होतं ते फक्त माझं गुपित.

आम्ही वाटेतच उतरून घरी परतलो. लाडकीबाईला मी बियाणं भरून दिलं. कळलावी ह्यांनी त्याच संध्याकाळी उपटली. जाऊबाई अजूनही येतात आमच्याकडे, अगदी प्रेमाने येतात, पण घरून जेवून.