काकू सामान सांभाळतात

आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी ग्रुपमध्ये किस्से कुणी मुद्दाम करत नाही. टाऊनहाऊसच्या गॅरेजमध्ये सामान साठतं ना, तसे ते साठतात आणि एक दिवस गाडी लावायला जागा उरत नाही! मग कुणाकडे तरी पॉटलक ठरतं, सगळे आपापला पदार्थ घेऊन जमतात आणि किस्से बाहेर निघतात. सगळ्यात मोठा ढीग आहे तो २००५ च्या आमच्या हवाई बेटांच्या ट्रिपचा.

आम्ही पाचजण होतो. मी, माझी बायको वैदेही, माझा मित्र संदीप, त्याची बायको राजश्री आणि संदीपची आई, म्हणजे साताऱ्याच्या शैलाकाकू. काकू सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या.

*

काकूंना अमेरिकेत एकच नोकरी होती. सामान सांभाळणं! कुठेही गेलो, की संदीप आधी बाक शोधायचा. "आई, तू इथे बस. पर्सकडे लक्ष ठेव. आम्ही जरा पुढे जाऊन येतो." आईचे गुडघे दुखतात, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, "काय काकू, कशी वाटली अमेरिका?"

"छान आहे की! पार्किंग लॉट केवढे मोठे असतात हो!"

सगळे हसले. सगळ्यात जोरात संदीपच हसला.

*

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही काउआई बेटावर गेलो. तिथे वाइमिया कॅन्यन आहे, लाल-हिरवी, खोलच खोल दरी. म्हणजे असं वाचलं होतं. आम्ही पॉइंटवर पोचलो तेव्हा समोर नुसतं धुकं! पण संदीपने आयटिनररी लॅमिनेट करून आणली होती आणि तिच्यात 'ग्रुप फोटो' लिहिलं होतं. त्यामुळे त्या पांढऱ्या धुक्यापुढे उभं राहून आम्ही हसत फोटो काढला.

काकू म्हणाल्या, "त्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं? आमच्या महाबळेश्वरलाही पावसाळ्यात काही दिसत नाही!"

कंटाळून आम्ही चौघं रेस्टरूमकडे गेलो. काकू अर्थातच बाकावर, पर्सेस घेऊन. परत येतो तर काकू कठड्याला धरून उभ्या आणि धुकं होतं तसंच.

"अरे, दिसलं की सगळं! आत्ता उघडलं आणि लगेच मिटलं. पलीकडच्या कड्यावरून केवढा धबधबा पडतोय!" मग तिकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला तिथं जायचंय."

एवढ्या महिन्यांत काकूंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आई, ट्रेलवर चिखल असतो. आणि तुझे गुडघे?"

"माझ्या गुडघ्यांचं माझं मी बघते. तू मध्ये पडू नकोस!"

संदीपने विषय बदलला. काकूंनी नाही बदलला. रात्री जेवताना, सकाळी चहाला, गाडीत बसताना, एकच चौकशी. "मग, धबधब्याला कधी?"

*

या बेटावर कोंबड्या मोकाट फिरतात. दुपारी आम्ही पिकनिक टेबलावर मेथीच्या दशम्या उघडल्या आणि गावभरच्या कोंबड्या जमल्या. एक तुर्रेबाज कोंबडा तर थेट आमच्या उघड्या जीपमध्ये चढून ड्रायव्हरच्या सीटवर बसला!

संदीप दिवसभर ऑफिसात मीटिंगा घेतो. त्याने तीच भाषा वापरली. "एक्स्क्यूज मी! हॅलो! प्लीज!" कोंबड्याने मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं आणि तो आणखी ऐसपैस बसला.

मग काकू उठल्या. साताऱ्यात कुत्र्याला हाकलतात तशा ओरडल्या, "हाऽऽड!"

कोंबडा गेला. बाकीच्या कोंबड्या गेल्या. शेजारच्या टेबलावरचं एक टूरिस्ट जोडपंही उठून गेलं.

*

तिथल्या लाल मातीत रंगवलेले शर्ट दुकानात विकायला असतात. वैदेहीला माझ्यासाठी एक घ्यायचा होता. मी म्हटलं, "यार, चिखलात रंगवलेला शर्ट कोण घालतं?"

त्याच संध्याकाळी एका उतारावर माझा पाय सटकला आणि मी बसल्या बसल्या बराच खाली गेलो. वैदेही वरून म्हणाली, "राहू दे आता. पँटसकट सेट तयार झाला!" तो डाग अजूनही गेलेला नाही.

*

शेवटच्या दिवशी धबधब्याचा हाइक होता. पण माझी घसरगुंडी बघून आईला वर न नेण्याचा संदीपचा निश्चय आणखी पक्का झाला. ट्रेल सुरू होतो तिथे एक बाक होताच. "आई, तू इथे बस. पर्सकडे लक्ष ठेव. आम्ही जरा पुढे जाऊन येतो."

काकूंनी सगळ्या पर्सेस मांडीवर ओढून घेतल्या. त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. वैदेही म्हणाली, "काकू, मी थांबते तुमच्याजवळ."

"जा गं तू. मला सवय आहे."

शेजारच्या बाकावर टोप्या घातलेल्या तीन अमेरिकन आज्या बूट आवळत होत्या. हातात चालायच्या काठ्या. आम्ही निघालो तेव्हा काकूंनी डबा उघडून त्यांच्यापुढे रव्याचे लाडू धरले होते.

वाटेत संदीपने आम्हाला आधी एका कड्यावर नेलं, कारण आयटिनररीत तो पॉइंट होता. तिथेही धुकं! ते हटायची वाट बघत आम्ही बराच वेळ काढला, मग परत मूळ वाटेला लागलो. चिखलात धडपडत, एकमेकांना धरत शेवटी धबधब्याच्या माथ्यावर पोचलो.

तिथे पाण्यात पाय सोडून चौघीजणी बसल्या होत्या. तीन टोप्या आणि एक अंबाडा. साडी वर खोचलेली, हातात काठी. राजश्रीची पर्स एका आजीच्या गळ्यात होती, वैदेहीची दुसरीच्या, माझी कॅमेऱ्याची बॅग तिसरीच्या खांद्यावर.

"आई!" संदीप किंचाळलाच. "तू इथे कशी? आणि सामान?"

"सगळं आणलंय. एकही पर्स सोडली नाही!"

संदीप दमून खडकावर बसला आणि राजश्री हसत सुटली. काकूंनी पाण्यातून पाय काढले, आज्यांकडून एकेक पर्स गोळा केली आणि सगळ्या संदीपच्या मांडीवर ठेवल्या. वर स्वतःचीही ठेवली. मग काठी टेकून उठल्या.

"बाळा, तू इथे बस. पर्सकडे लक्ष ठेव. आम्ही जरा पुढे जाऊन येतो."