खुर्च्या बदला

महागावच्या आमच्या कचेरीत कुणी "माझं टेबल" म्हटलेलं हेडक्लार्क बाईंना खपत नाही. दर सोमवारी त्या स्टीलची पट्टी वाजवतात, "चला, खुर्च्या बदला." मग आवक-जावकचा माणूस दाखले करायला बसतो, आणि दाखल्यांचे बाबू त्याच्या मागे उभे राहून नुसतं तोंडानं सांगतात. त्यांनी माउसकडे हात नेला, की बोटांवर पट्टी बसते.

एकदा हेच बाबू रजेवरून आले आणि ऐटीत म्हणाले, "माह्याबिना लोकं वापस गेले असतीन न, बाई?"

"एकही नाही गेला. गेला असता, तं दुसऱ्याले काम शिकवलं नाही म्हणून गोपनीय अहवालात तुमचाच शेरा खराब केला असता."

परवा भाचीच्या लग्नासाठी बाई आठवडाभराच्या रजेवर नेरला गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"काही अडून राह्यलं काय?"

"काहीच नाही, बाई. तुमचं काम मीच पाहून राह्यलो."

बँडच्या आवाजात त्यांनी तेच पुन्हा विचारलं, मीही तेच पुन्हा सांगितलं.

"मंग बरं हाये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच सकाळी बघतो तर रजा अर्धी टाकून बाई समोर उभ्या. "उठा. माहं टेबल हाये ते."

मी पट्टी उचलली आणि हळूच वाजवली.